थार : दांडा की ऑटो? एकच इंजिन, एकच पाणंद, दोन गिअरबॉक्स

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे आणि डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून वाडीपर्यंतची पाणंद सव्वा किलोमीटरची आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये ट्रॅक्टरने आणि चिऱ्यांच्या टेम्पोंनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आधी जांभ्याच्या पायऱ्यापायऱ्यांचा उतार, तळाशी पऱ्या, म्हणजे ओढा, आणि तो ओलांडला की घरापर्यंत सलग चढ. मोठाल्या मैदानावर मुद्दाम खड्डे खणून तयार केलेल्या चाचणीच्या वाटेवर जे काही तपासतात ते सगळे या सव्वा किलोमीटरमध्ये एकामागून एक येते. बाजूला सरकायला मात्र गडग्यांमुळे जागा नाही. माझी 2021 सालची दांड्याची, म्हणजे क्लच दाबून हाताने गिअर बदलायची, महिंद्राची डिझेल थार आणि माझ्या मेहुण्यांची 2023 सालची ऑटोमॅटिक डिझेल थार अशा दोन्ही गाड्या मी या वाटेवरून गेले तीन पावसाळे नेल्या-आणल्या आहेत. हे परीक्षण त्यावरच आधारलेले आहे.

तुलना करण्यासारखी आहे ती याचसाठी, की दोन्ही गाड्यांचे 2.2 लिटरचे डिझेल इंजिन एकच, त्याचा 300 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एकच, जमिनीपासूनची 226 मिलिमीटरची उंची तीच आणि चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडाही तोच. तो फोर-लो वर ओढला, की चाकांचा वेग 2.48 पटीने कमी होतो आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा जोर तितक्याच पटीने वाढतो. टायरही आम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकाच प्रकारचे बसवले. त्यामुळे दोन गाड्यांत जो फरक जाणवतो तो गिअरबॉक्सचा तरी असतो, नाहीतर चालवणाऱ्याच्या पायाचा. 2010 साली आलेल्या पहिल्या थारला पाचगिअरी दांड्याशिवाय पर्यायच नव्हता. ऑक्टोबर 2020मध्ये नवी थार विक्रीला आली तेव्हा तिच्याबरोबर पहिल्यांदा सहागिअरी ऑटोमॅटिक आला, जपानच्या आयसिन कंपनीचा. तोपर्यंत आमच्यासारख्यांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

सुरुवात उताराने होते, आणि उतारावर दांड्याच्या गाडीला तोड नाही. पाणंदीच्या तोंडाशी थांबायचे, छोटा दांडा फोर-लो मध्ये आणि मोठा पहिल्यात टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्यायचे. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये आता लोखंडाला लोखंड लागलेले असते. गाडी पुढे धावू पाहते, पण चाकांना धावण्यासाठी इंजिनालाही बरोबर फिरवावे लागते आणि डिझेल इंजिन स्वतःच्या दाबामुळे सहजासहजी फिरत नाही. परिणामी रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी वेगाने गाडी एकेक पायरी खाली ठेवत जाते. ब्रेकला हात लावावा लागत नाही, म्हणून शेवाळलेल्या जांभ्यावर चाक अडून घसरण्याचा प्रश्न बहुतेक वेळा येत नाही. मागच्या आषाढात माझी बहीण पुढे छत्री धरून चालत होती आणि गाडी तिच्यामागून तिच्याच चालीने उतरत होती. तिने मागे वळून विचारले, "अरे, तू चालवतोयस की झोपलास?"

ऑटोमॅटिकमध्ये हाच उतार उतरताना पहिल्या काही क्षणांत पोटात गोळा येतो. गिअर हाताने पहिल्यात धरून ठेवता येतो, पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल आहे, लोखंड नाही, आणि इतक्या कमी वेगाला ते तेल चाकांना पुरेसे धरून ठेवत नाही. गाडी उतारावर हळूहळू वेग घेऊ लागते आणि ब्रेकवर पाय जातोच. यावर उपाय म्हणून उतार-नियंत्रणाची सोय दिलेली आहे. बटण दाबले, की गाडी स्वतःच एकेका चाकाचा ब्रेक क्षणाक्षणाला दाबते आणि सोडते. त्या वेळी खालून कुणीतरी खरवडल्यासारखा आवाज येतो, पायाखाली थरथर जाणवते आणि नवख्या माणसाला वाटते, की काहीतरी तुटले. काही तुटलेले नसते. तरीही ते ब्रेकचेच काम आहे. घसरड्या मातीवर जे इंजिन अखंड आणि एकसारखे करते, ते ब्रेक तुकड्यातुकड्याने करतात. कोरड्या दिवसांत हा फरक नगण्य आहे, भर पावसात नाही. उतारासाठी मी आजही माझी गाडी निवडेन.

तळाशी पऱ्या आहे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने 650 मिलिमीटर सांगितलेली आहे आणि आमच्या पऱ्याला पाणी त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर आम्ही अलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, गाडी ठेवून चालत जातो. (सड्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी कातळ नीट पाहावा. राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि चाकाखाली आलेली रेघ पुन्हा उमटत नाही.) पाण्यात दांड्याच्या गाडीला एकच पथ्य आहे : मध्येच गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला, की प्लेटच्या फटीत पाणी आणि गाळ शिरतो, ती घसरू लागते आणि घसरली, की तिथेच थांबावे लागते. ऑटोमॅटिकला हे पथ्य पाळावेच लागत नाही, पाय एकसारखा ठेवला की झाले. मात्र त्याच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरले तर प्रकरण महाग पडते. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि हवा जाण्या-येण्याच्या नळीतून किंवा जुनाट सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑटोमॅटिकचे तांबडे तेल दुधाळ गुलाबी दिसू लागले तर गाडी सुरू न करता उचलून न्यावी. दांड्याच्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेले तर तेल बदलून बहुतेक वेळा भागते.

आता चढ, आणि माझ्या दुखण्याचा विषय. तीस वर्षे क्लचवर गाडी चालवल्यामुळे मला असे वाटत होते, की चढावर अर्धा क्लच हे कौशल्य आहे. पुण्याच्या सिग्नलांवर ते असेलही. पऱ्यापलीकडच्या चढावर, एक चाक हवेत आणि दुसरे चाकोरीत, समोर गुडघाभर दगड अशा स्थितीत अर्धा क्लच म्हणजे प्लेट घासत ठेवणे, दुसरे काही नाही. फोर-लो च्या पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तर हीच गाडी तो दगड निमूट चढते, हे मला माहीत होते, पण गाडी बंद पडण्याची भीती पायात असते आणि ती डोक्याचे ऐकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात चढाच्या मध्यावर जळक्या शिंगासारखा वास आला, इंजिनचा आवाज वाढत गेला आणि गाडी मात्र जागची हलेना. गाडी 41 हजार किलोमीटर चाललेली होती. गॅरेजवाल्याने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. घर्षणाचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि समोरच्या लोखंडावर निळे डाग पडले होते. तो म्हणाला, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. जे काही झालंय ते तुमच्या पायाला झालंय."

गाडी चढावर बंद पडली तर करायचे ते असे : पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक वर, क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचे आणि क्लच पूर्ण सोडून इंजिनच्या धाकाने सरळ मागे उतरायचे. जुन्या जीपगाड्यांत गिअर तसाच ठेवून चावी फिरवली, की स्टार्टरच गाडीला धक्का देऊन पुढे सरकवत असे. आताच्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे ती युक्ती गेली. गडग्यांच्या मधोमध, पावसात, मागचे काही दिसत नसताना ही सगळी कसरत मी दोनदा केली आहे आणि तिसऱ्यांदा करण्याची हौस नाही.

माझ्या मेहुण्यांना गाडी चालवू लागून जेमतेम चार वर्षे झाली आहेत. त्याच चढावर त्यांच्या गाडीत मी शेजारी बसलो आणि त्यांनी दगडासमोर गाडी थांबवली, ती पूर्ण थांबवली, पाणी प्यायले, आणि मग हलकेच पाय दाबला. गाडी मागे गेली नाही, बंद पडली नाही, वासही आला नाही. दगडाला टायर टेकले, इंजिनचा सूर थोडा खाली गेला, क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग गाडी उचलली गेली. मी सवयीने पाय आपटून त्यांना "आता सोडा, आता धरा" असे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, "दाजी, जरा सोडून द्या की तिच्यावर. ती धरते आपली आपण." मला राग आला आणि ते बरोबर होते.

तो क्षणभराचा थांबा म्हणजेच टॉर्क कन्व्हर्टर. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिन फिरवते, तो तेल ढकलतो आणि तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरू लागतो. मधला तिसरा भाग परतणाऱ्या तेलाला असे वळण देतो, की चाके जवळजवळ थांबलेली असताना इंजिनचा टॉर्क साधारण दुपटीच्या आसपास वाढून पुढे जातो. म्हणजे जिथे क्लच घासून जळतो नेमकी तिथेच ऑटोमॅटिकची ताकद सर्वांत जास्त असते. किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. घासण्याचे काम तेल करते, म्हणून तेल तापते, आणि रुतलेल्या गाडीत दहा मिनिटे पाय दाबून बसलात तर ते करपते. तापू लागले तर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवावे आणि तेल निवू द्यावे. क्लचची प्लेट अशी निवून परत पूर्वीसारखी होत नाही.

ऑटोमॅटिकची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. दगडावर चढण्यासाठी जितका पाय दाबावा लागतो तितकाच दगड उतरताना दाबलेला राहिला तर गाडी पलीकडे उडी घेते आणि पोटाला मार बसतो. म्हणून डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून दोन्ही पायांनी चालवण्याची सवय करावी लागते. काही गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबल्यास इंजिनचा जोर कापतात, तेव्हा आपली गाडी काय करते ते आधी सपाट जागी पाहून ठेवावे. आमच्या दोन्ही गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आपोआप लागणारे मेकॅनिकल लॉक आहे. एक चाक हवेत गरगरू लागून दोन्ही चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला, की ते 'खट्' असा आवाज करून लागते आणि दोन्ही चाके बरोबर फिरू लागतात. त्यासाठी ते गरगरणे अर्धा क्षण सहन करून पाय तसाच ठेवावा लागतो. दांड्याच्या गाडीत आपण घाबरून नेमका त्याच वेळी क्लच दाबतो आणि लॉक लागायच्या आत त्याला सोडवतो. ऑटोमॅटिकमध्ये घाबरून दाबायला तिसरे पेडलच नाही.

हे केवळ माझ्या पायापुरते नाही असे कंपन्यांच्या आकड्यांवरूनही दिसते. टोयोटाच्या फॉर्च्युनरमध्ये 2.8 लिटरचे तेच डिझेल इंजिन दांड्याबरोबर 420 न्यूटन-मीटर देते आणि ऑटोमॅटिकबरोबर 500. ऑगस्ट 2024मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सच्या चारही चाकांच्या डिझेल गाडीत हे आकडे 330 आणि 370 असे आहेत, आणि तीन दारांच्या पेट्रोल थारमध्ये 300 आणि 320. आमच्या डिझेल गाड्या याला अपवाद आहेत, म्हणूनच आमची तुलना सरळ झाली. पुढच्या खरेदीत ती तशी राहणार नाही, कारण ज्याला जास्त जोर हवा त्याला तो ऑटोमॅटिकच्याच खान्यात लिहिलेला सापडतो.

इंजिन लहान आणि पेट्रोलचे असेल तर माझे मत अधिकच ऑटोमॅटिककडे झुकते. 2023मध्ये आलेल्या मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचे इंजिन दीड लिटरचे आणि टॉर्क 134 न्यूटन-मीटरचा. गाडी हलकी असली, तरी अशा इंजिनाला खालच्या फेऱ्यांवर दम कमी असतो, म्हणून दांड्याच्या गाडीत दगडावर क्लच घासावाच लागतो. कन्व्हर्टर ती उणीव भरून काढतो. तिचा ऑटोमॅटिक चारच गिअरांचा आणि जुन्या वळणाचा आहे, महामार्गावर तो इंजिनाला ओरडायला लावतो, पण फोर-लो मध्ये चार गिअर पुरून उरतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीपुढे हा प्रश्नच नाही : ती दांड्याचीच मिळते, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना हाताने लावायची कुलुपे असल्यामुळे तिचा चालकही बहुधा दांडाच मागणारा असतो.

दुकानात 'ऑटोमॅटिक' म्हणून जे जे दाखवतात ते सगळे एक नव्हे, हेही लक्षात घ्यावे. स्वस्त गाड्यांतला एएमटी म्हणजे दांड्याचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच माणसाच्या पायाऐवजी यंत्र दाबते. दगडावर तो यंत्राचा पाय माझ्या पायापेक्षा शहाणा ठरेल असे मानण्याचे कारण नाही. कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचांचा गिअरबॉक्स, सतत रांगायला लावला तर तापतो. खडकाळ वाटेसाठी टॉर्क कन्व्हर्टर आहे का, एवढे एकच विचारावे.

रुतण्याच्या बाबतीत मात्र दांड्याची बाजू भक्कम आहे. खाचराच्या कडेला चिखलात चाक गेले तर पहिला-रिव्हर्स-पहिला असा झोका देऊन गाडी बाहेर काढण्याची जुनी रीत दांड्याच्या गाडीत पटकन जमते. ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक वेळी गाडी थांबू देऊनच गिअर बदलावा लागतो, नाहीतर आतल्या पट्ट्यांवर ताण येतो, आणि तोवर झोका मेलेला असतो. चिखलात वेग धरून ठेवण्यासाठी मुद्दाम दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात राहायचे असेल तरी दांडा सांगितलेले ऐकतो. बॅटरी उतरली तर दांड्याची गाडी चार गडी लावून ढकलता येते, ऑटोमॅटिक नाही. टोचन लावून ओढायची वेळ आली तर ऑटोमॅटिकची चाके जमिनीवर फिरवत लांब नेणे धोक्याचे असते, कारण तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. थारच्या छोट्या दांड्याला न्यूट्रलची जागा आहे, पण ती कधी आणि किती अंतरासाठी वापरावी ते गाडीबरोबरच्या पुस्तकात वाचूनच ठरवावे. वाळूत उलटे आहे. तिथे दांड्याचा गिअर बदलताना जो अर्धा सेकंद जोर तुटतो तेवढ्यात गाडी बसते, आणि ऑटोमॅटिकचा जोर तुटत नाही. टायरची हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवली तर दोन्ही गाड्या वाळूतून निघतात. मात्र गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालण्यास बंदी आहे, आणि कोकणातही भरतीच्या रेषेखाली गाडी नेणाऱ्यांची फजिती दर सुट्टीत पाहायला मिळते.

शिवाय पाणंद सव्वा किलोमीटरचीच आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुण्याहून कोल्हापूर, मलकापूर आणि अणुस्कुऱ्याचा घाट उतरून दिवसभर यावे लागते, आणि त्यातला कात्रजच्या गर्दीतला पहिला तास माझा डावा गुडघा विसरत नाही. मेहुणे घरी पोहोचतात तेव्हा त्यांना चहा हवा असतो, मला आधी बाम. ऑटोमॅटिक डिझेल थोडे जास्त पिते आणि घेताना महाग पडते हे खरे. माझ्या क्लचचा खर्च धरला तर आमच्या दोन गाड्यांत तो फरक बराचसा मिटला.

म्हणून माझी शिफारस अशी : वर्षातून आठ-दहा वेळा अशा वाटेवर जाणाऱ्या आणि उरलेले दिवस शहरात काढणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी, आणि घेतल्यावर पहिला पावसाळा फक्त उतार शिकण्यात घालवावा. जो एकटा, लांब, गॅरेजपासून दूर जातो, ज्याच्या वाटेवर चढापेक्षा उतार अवघड आहेत आणि ज्याला क्लच पूर्ण सोडण्याची हिंमत आहे, त्याने दांडा सोडू नये. मी दांड्यावर प्रेम करतो आणि पुढची गाडी ऑटोमॅटिक घेणार आहे.

घेण्यापूर्वी एक गोष्ट करावी. चाचणीला जी गाडी देतात ती पुष्कळदा मागच्या दोनच चाकांना जोर असलेली असते आणि तिच्यात छोटा दांडा नसतोच. चारही चाकांची गाडी मागून घ्यावी, डांबरावर फोर-लो लावून वळवू नये, कारण कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि गाडी अडखळते. शोरूमच्या मागे मुरमाचा एखादा उतार असतो, तिथे न्यावी, मध्यावर थांबवावी, आणि दोन्ही पाय उचलून ती काय करते ते पाहावे.